ॲम्बिग्युअस: दोन अर्थ, आणि दोन्ही स्पष्ट

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘ॲम्बिग्युअस’ या शब्दासमोर बहुतेक वेळा ‘संदिग्ध, अस्पष्ट’ असं लिहिलेलं असतं. एक मार्काच्या प्रश्नाला ते पुरतं. पण एवढ्यावर विसंबून शब्द वापरायला गेलं, तर तो हमखास चुकीच्या जागी पडतो. अस्पष्टपणाचे प्रकार अनेक आहेत आणि इंग्रजीत त्यांतल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. दादरच्या फलाटावर घोषणा होते, भोंगा घरघरतो आणि गर्दीच्या गोंगाटातून फक्त ‘धीमी लोकल’ एवढंच कानावर पडतं. ही घोषणा ‘गार्बल्ड’. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही, ते ‘इलेजिबल’. ‘बघू, करू कधीतरी’ असं कोणी म्हणालं, तर ते उत्तर ‘व्हेग’. यांतलं एकही ॲम्बिग्युअस नाही.

ॲम्बिग्युअस वाक्य नीट ऐकू येतं, नीट वाचता येतं आणि त्याचा अर्थही लख्ख कळतो. मात्र तितकाच लख्ख दुसरा अर्थही त्याच शब्दांत बसलेला असतो. शब्दाचं मूळ लॅटिन आहे. त्यातल्या ‘ॲम्बि’चा अर्थ ‘दोन्ही बाजूंना’ आणि पुढच्या भागाचा अर्थ ‘हाकणं, नेणं’. दोन्हीकडे नेणारं, असं ते विशेषण आहे. डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी सारखंच काम करणाऱ्याला ‘ॲम्बिडेक्स्ट्रस’ म्हणतात, तिथेही हाच ‘ॲम्बि’ आहे.

व्हेग आणि ॲम्बिग्युअस यांच्यातला फरक मला इतका महत्त्वाचा वाटतो, त्याचं कारण व्यवहारातलं आहे. व्हेग बोलणं लगेच ओळखू येतं. ‘कधीतरी येतो’ असं कोणी म्हणालं की आपण विचारतो, ‘कधीतरी म्हणजे कधी?’ ॲम्बिग्युअस बोलण्यावर असा उलट प्रश्न कोणी विचारत नाही. ऐकणाऱ्याला एक पूर्ण अर्थ मिळालेला असतो, तो समाधानाने ‘बरं’ म्हणतो. बोलणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ असतो, त्यालाही ‘बरं’ ऐकून समाधान वाटतं. शंका कोणालाच येत नाही, आणि घोटाळा उघडा पडतो तो थेट परिणाम समोर आल्यावर.

याचं जगभर शिकवलं जाणारं एक उदाहरण मुंबईच्या बंदराशी जोडलेलं आहे. कायद्याचे विद्यार्थी ते पहिल्या वर्षातच वाचतात, बाकी मुंबईकरांना मात्र ते फारसं ठाऊक नसतं. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता. त्यामुळे पश्चिम भारतातल्या कापसाला अचानक सोन्याचे दिवस आले. कुलाब्याला तेव्हा कापसाचा बाजार होता, तिथून गासड्या जहाजात चढत. सुएझ कालवा खुला झाला १८६९ मध्ये, म्हणजे त्या काळी ही जहाजं आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने प्रवास करत. तेवढ्या काळात भाव कुठल्या कुठे जाऊ शकत होता.

अशा दिवसांत इंग्लंडमध्ये एक सौदा झाला. माल होता १२५ गासड्या ‘सुरत कॉटन’, त्यातही धोलेरा जातीचा. पश्चिम भारतातल्या कापसाला इंग्रज व्यापारी सरसकट ‘सुरत’ म्हणत. गुणवत्ता आणि दर दोन्ही लिहून ठरले. माल कसा येणार, तेही लिहिलं होतं: मुंबईहून ‘पीअरलेस’ या जहाजाने, लिव्हरपूलला.

पण मुंबईहून निघणारी ‘पीअरलेस’ नावाची जहाजं दोन होती. एक ऑक्टोबरात सुटलं, दुसरं डिसेंबरात. खरेदीदाराच्या डोळ्यांसमोर ऑक्टोबरचं जहाज होतं आणि विकणाऱ्याचा कापूस डिसेंबरच्या जहाजात होता. डिसेंबरचं जहाज पोहोचलं तेव्हा खरेदीदाराने माल घ्यायला नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. १८६४ मधला ‘रॅफल्स विरुद्ध विचेलहाउस’ हा तो खटला. निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी कारणं लिहून ठेवली नाहीत, त्यामुळे त्यावर दीडशेहून अधिक वर्षं चर्चा चालू आहे. पण वकिलांनी मांडलेला मुद्दा साधा होता: एकाच्या मनात एक जहाज, दुसऱ्याच्या मनात दुसरं, मग सौदा ठरला कुठे?

त्या करारात एकही शब्द ढिला नव्हता. गासड्या मोजून लिहिल्या होत्या, जात, दर, बंदर, जहाजाचं नाव, सगळं होतं. डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्यालाही तो करार पक्का वाटला असता. वाक्यात काहीच खटकत नाही, पण बाहेरच्या जगातली एखादी गोष्ट कळली की त्याच वाक्याला दोन अर्थ फुटतात. अशा दडलेल्या द्व्यर्थाला इंग्रजी कायद्यात ‘लेटंट ॲम्बिग्युइटी’ म्हणतात.

त्याच्या शेजारी आपला १८७२ चा भारतीय करार कायदा ठेवून पाहा, व्हेग आणि ॲम्बिग्युअसची जोडी तिथे स्वच्छ दिसते. कलम १३ सांगतं की दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाली, तरच ती संमती. ‘एकाच अर्थाने’ हे शब्द पीअरलेससारखा घोळ अडवतात. कलम २९ म्हणतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. तिथे दिलेलं उदाहरण असं: एकाने दुसऱ्याला ‘शंभर टन तेल’ विकायचं कबूल केलं. कसलं तेल? गोडं, खोबरेल, तिळाचं? काहीच कळायला मार्ग नाही, हा व्हेग करार. पुढच्या एका उदाहरणात विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी आहे. शब्द तेच, ‘शंभर टन तेल’, पण त्याच्या धंद्यावरून अर्थ ठरतो आणि करार उभा राहतो. संदर्भ किती काम करतो, हे मला इतक्या थोड्या शब्दांत दुसरीकडे कुठे वाचायला मिळालेलं नाही.

एखादा शब्द ॲम्बिग्युअस आहे की नुसता व्यापक, हे ओळखायची एक सोपी परीक्षा भाषाशास्त्रात वापरतात. शब्दाला ‘दोन’ लावून बघायचं. इंग्रजीत ‘माझे दोन अंकल आले’ म्हटलं आणि त्यातले एक काका, दुसरे मामा असले, तर वाक्यात काहीच वावगं वाटत नाही. म्हणजे ‘अंकल’ हा शब्द व्यापक आहे, तो नातं उलगडून सांगत नाही इतकंच. आता मराठीतलं ‘तिला दोन वर मिळाले’ घ्या. एक देवाने दिलेला आणि दुसरा बोहल्यावर उभा राहिलेला, असा हिशेब कोणी केला तर आपल्याला हसू येतं. तिथे शब्दाचे खरोखरच दोन तुकडे आहेत, ते एका मोजणीत बसत नाहीत. ‘वर’ ॲम्बिग्युअस, ‘अंकल’ नाही.

द्व्यर्थ मुद्दाम साधला की आपण त्याला श्लेष म्हणतो. ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ हे उदाहरण शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं, जीवन म्हणजे पाणीही आणि आयुष्यही. तिथे दोन्ही अर्थ एकदम कळावेत अशी कवीची इच्छा असते. आणि द्व्यर्थ शस्त्र म्हणून वापरला तर काय होतं, ते महाभारताने सांगून ठेवलं आहे. ‘अश्वत्थामा मेला’ या दोन शब्दांत खोटं काही नव्हतं. त्या नावाचा हत्ती भीमाने खरंच मारला होता. द्रोणांना मात्र त्यात फक्त आपला मुलगा दिसला. इंग्रजीत अशा ठिकाणी ‘ॲम्बिग्युअस’ चालतोच, पण दुसरा माणूस फसावा म्हणून कोणी असं बोललं असेल तर ‘इक्विव्होकल’ अधिक नेमका. त्याचं क्रियापद ‘इक्विव्होकेट’, आणि त्यात हेतूचा वास असतो. युधिष्ठिराच्या तोंडचं ‘नरो वा कुंजरो वा’ आपण मराठीत म्हण म्हणून वापरतो, ते मात्र आणखी वेगळं. कोणत्याच बाजूला अडकायचं नाही अशा बोलण्याला इंग्रजीत ‘नॉनकमिटल’ म्हणतात. एकाच प्रसंगातून तीन शब्द वेगळे करता येतात, म्हणून हे उदाहरण मला शिकवायला फार आवडतं.

शब्दच दोन अर्थांचा असेल तर तो निदान पकडता येतो. शब्दांच्या जोडणीतून येणारा द्व्यर्थ पकडणं कठीण. इंग्रजीत ‘ॲन ओल्ड बुक शॉप’ म्हटलं, तर जुनं काय, दुकान की पुस्तकं? इंग्रजी व्याकरण ते सांगत नाही. मराठीला हा प्रश्नच पडत नाही. ‘जुनं पुस्तकांचं दुकान’ म्हटलं की दुकान जुनं, आणि ‘जुन्या पुस्तकांचं दुकान’ म्हटलं की फोर्टमध्ये फ्लोरा फाउंटनजवळ फुटपाथवर मिळतात तसली पुस्तकं. एका ‘न्या’ने सगळा निकाल लागतो. पण ‘जुना’सारखी आकारान्त विशेषणंच अशी बदलतात. ‘लहान’ बदलत नाही. म्हणून ‘लहान मुलांचं हॉस्पिटल’ म्हटलं की मुलं लहान की हॉस्पिटल लहान, हा द्व्यर्थ मराठीतही परत येतो.

सर्वनामांतही आपल्याकडे एक सोय आहे, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. ‘सासूबाईंनी सुनेला सांगितलं, की त्यांची पर्स लोकलमध्ये राहिली.’ पर्स सासूबाईंची. ‘तिची पर्स’ म्हटलं असतं तर सुनेची. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हर पर्स’च. आपण मानाचा म्हणून जो शब्द वापरतो, तो इथे अर्थ वेगळा करायचं कामही करतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचंही तसंच. ऑफिसातले सहकारी इंग्रजीत म्हणाले, ‘वी आर गोइंग टू लोणावळा ऑन सॅटर्डे’, तर तुम्हाला बोलावणं आहे की नाही? ‘आम्ही चाललोय’ म्हटलं असतं तर नाही, ‘आपण चाललोय’ म्हटलं असतं तर बॅग भरायला हरकत नाही. इंग्रजीतला ‘वी’ या बाबतीत ॲम्बिग्युअस आहे. अर्थात आपल्या ‘आपण’चे स्वतःचे घोळ आहेतच. तो आदरार्थी ‘तुम्ही’ही होतो, आणि ‘आपण नाही बुवा असलं काही करत’ म्हणणाऱ्याच्या तोंडी नुसता ‘मी’ही होतो.

मराठीतला सगळ्यात घातक शब्द मात्र माझ्या मते ‘परवा’ आहे. होऊन गेलेला दिवसही परवा आणि यायचा दिवसही परवा. क्रियापद सोबत असेपर्यंत काळजी नाही. ‘परवा भेटलो’ आणि ‘परवा भेटू’ यांत गोंधळ होत नाही. पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘परवाच्या मीटिंगचे मुद्दे पाठवा’ असा निरोप आला, की निम्मे लोक झालेल्या सभेचं इतिवृत्त शोधू लागतात आणि निम्मे पुढच्या सभेसाठी तक्रारी लिहायला बसतात. दोघांनाही आपण बरोबर करतोय असंच वाटतं.

मुंबईत राहून गावी जाणाऱ्यांना वेळेचा आणखी एक द्व्यर्थ चांगला ठाऊक आहे. सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. ‘१५ तारखेला रात्रीच्या तुतारीने निघायचं’ असं घरात ठरतं. घरच्या बोलण्यात रात्र संपते ती झोपल्यावर, म्हणून ‘१५ ची रात्र’ म्हणजे १५ ला जेवून निघायचं. रेल्वेच्या घड्याळात दिवस शून्य वाजून शून्य मिनिटांनी बदलतो. तिकिटावर १५ असेल तर गाडी १४ ला जेवल्यावर पकडायची, आणि १५ ला रात्री सामान घेऊन दादरला पोहोचलेल्या माणसाची गाडी जवळपास एक दिवस आधीच गेलेली असते. रेल्वेने छापलेलं ‘००:०५’ अजिबात ॲम्बिग्युअस नाही. ॲम्बिग्युअस आहे ते आपलं ‘रात्री’. अशा गाडीचं तिकीट काढून देताना मी नेहमी वाराच्या जोडीने सांगावं असं सुचवीन: ‘शुक्रवारी रात्री जेवून निघायचं, तिकिटावर तारीख शनिवारची आहे.’

अमेरिकेतल्या लोकांबरोबर काम करणाऱ्यांना तारखेचा असाच फटका बसतो. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, त्यांच्याकडे ६ मे. महिना अक्षरांत लिहिला की प्रश्न मिटतो.

हे सगळं गाडी चुकण्यापुरतंच राहत नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोडिओस विमानतळावर दाट धुकं होतं आणि एकाच धावपट्टीवर दोन जम्बो जेट विमानं होती. एक डच कंपनी केएलएमचं, दुसरं अमेरिकेच्या पॅन ॲमचं. उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचं, ती सूचना नियंत्रकाने केएलएमला दिली. तिच्यातही ‘टेक-ऑफ’ हा शब्द आला होता, पण ती उडण्याची परवानगी नव्हती. सूचना परत म्हणून दाखवल्यावर केएलएमच्या वैमानिकाने जे सांगितलं, ते साधारण असं ऐकू आलं: ‘वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ.’ नियंत्रकाला अर्थ लागला: विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. वैमानिक सांगत होता: आम्ही उड्डाण करत आहोत. नियंत्रकाचं उत्तर ‘ओके’ने सुरू झालं. पुढे त्याने थांबायला सांगितलं, पण त्याच क्षणी पॅन ॲमचं विमानही रेडिओवर बोलू लागलं आणि ते शब्द कर्कश आवाजात बुडाले. दोन्ही विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतके मृत्यू दुसऱ्या कुठल्याही वेळी झालेले नाहीत.

अपघाताला इतरही कारणं होती, धुकं होतं, घाई होती. पण त्यानंतर रेडिओवरच्या बोलण्याचे नियम बदलले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. परवानगीला नुसतं ‘ओके’ म्हणून चालत नाही, ती शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते. सहार विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाशी आजही याच पद्धतीने बोललं जातं. शब्दाचा एक अर्थ बंद करून टाकणं, हा द्व्यर्थावरचा मला माहीत असलेला सगळ्यात प्रामाणिक उपाय आहे.

आता शब्द वापरायचा कसा, ते. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर द्यायचा, ‘बि’वर: ॲम्-बि-ग्यु-अस. नाम ‘ॲम्बिग्युइटी’, तिथे जोर सरकून ‘ग्यु’वर येतो. क्रियाविशेषण ‘ॲम्बिग्युअसली’. उलट अर्थाचा शब्द ‘अनॲम्बिग्युअस’, म्हणजे एकच अर्थ निघेल असा. हे विशेषण बहुतेक करून शब्दरचना, प्रश्न, सूचना, उत्तर, कलम अशा गोष्टींना लागतं: ‘द वर्डिंग ऑफ द क्लॉज इज ॲम्बिग्युअस’, ‘ही गेव्ह ॲन ॲम्बिग्युअस रिप्लाय’. माणसालाच ते लावायचा मोह होतो. एखाद्याच्या मनात दोन परस्परविरोधी भावना आहेत असं म्हणायचं असेल, तर शब्द आहे ‘ॲम्बिव्हॅलंट’. ‘आय ॲम ॲम्बिग्युअस अबाउट द जॉब’ हे चूक, तिथे ‘ॲम्बिव्हॅलंट’ हवा. स्पर्धा परीक्षांच्या उत्तरतालिकेवर हरकत घेताना मात्र आपला शब्द अगदी चपखल बसतो. प्रश्नाचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही अर्थांनी वेगवेगळे पर्याय बरोबर ठरतात, असं दाखवता आलं तर प्रश्न ॲम्बिग्युअस. नुसता ‘प्रश्न कळला नाही’ असेल, तर तो शब्द तिथे टिकणार नाही. हरकतीत दोन्ही अर्थ एकाखाली एक लिहून दाखवावे लागतात.